वस्तीवरील कुत्र्यासाठी जाळीबंद आवार

शेतावरील वस्तीचा खरा राखणदार कोण, असा प्रश्न केल्यास बहुतेक शेतकरी आपल्या कुत्र्याकडे बोट दाखवितात. रात्री खळ्यावर पडलेले धान्य, गोठ्यातील वासरे, विहिरीवरील मोटार आणि घरातील माणसे या सर्वांची राखण तो करीत असतो. त्याच्या मोबदल्यात त्याला उरलेली भाकरी, पडवीतील कोपरा आणि पुष्कळदा चार हातांची साखळी एवढेच मिळते. गाईसाठी गोठा, शेळ्यांसाठी वाडगे, कोंबड्यांसाठी खुराडे आपण बांधतो. कुत्र्यासाठी मात्र स्वतंत्र जागेचा विचार सहसा होत नाही. हा विचार का करावयाचा आणि अशी जागा गावच्या गवंड्याकडून कशी बांधून घ्यावयाची, याची माहिती शेतकरी बंधुभगिनींना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

साखळीचा धडा

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक जुन्नर भागातील एका वस्तीवर उसाच्या पिकाची पाहणी करण्यास गेला होता. ओसरीच्या खांबाला एक साखळी बांधलेली दिसली. साखळीच्या टोकाला चामडी पट्टा होता, कुत्रा मात्र नव्हता. चौकशी करता, आदल्या रात्री बिबट्याने तो नेल्याचे कळले. घरचे वडीलधारे शेतकरी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, साखळी नसती तर पळून तरी गेला असता. ती आम्हीच बांधली."

ही खंत एकट्या त्या घराची नव्हे. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आता नित्याचा झाला आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास करण्यात आला व तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या आहारातील वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा असल्याचे आढळले. म्हणजे कुत्रा हे त्या भागात बिबट्याचे मुख्य भक्ष्य होय. असा कुत्रा दारात बांधून ठेवणे म्हणजे बिबट्याला अंगणापर्यंत वाट दाखविणेच होय, आणि त्या अंगणात मुलेही झोपतात.

बिबट्या नसलेल्या भागातही साखळी हितावह नाही. सतत बांधलेला कुत्रा चिडखोर बनतो. ओळखीच्या माणसावरही तो धावून जातो, आणि साखळी तुटली किंवा पट्टा निसटला की पहिला चावा बहुधा जवळ खेळणाऱ्या मुलास बसतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ अन्वये, प्राण्यास अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा ठरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कुत्रा मोकाट सोडणे हाही उपाय नव्हे. मोकाट कुत्रा उकिरडे धुंडाळतो, मेलेली जनावरे खातो आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या संपर्कात येतो. साखळी आणि मोकाटपणा यांच्यामधला मार्ग म्हणजे जाळीबंद आवार.

आवार आणि आरोग्य

आवार बांधताना सुरक्षिततेइतकेच महत्त्व स्वच्छतेस द्यावयास हवे. कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडणारे जंत हे जनावरांचे व माणसांचेही शत्रू आहेत. मेंढी किंवा शेळी कापल्यानंतर फेकलेले काळीज वा फुप्फुस कुत्र्याने खाल्ले, तर त्यातील पाण्याच्या गाठींमधून एका जातीचे बारीक पट्टकृमी त्याच्या आतड्यात वाढतात. त्यांची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. ती चाऱ्यावाटे जनावरांच्या किंवा अस्वच्छ हातांवाटे माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात व फुप्फुसात पुन्हा तशाच गाठी होतात. मेंढीचे डोके कुत्र्याने खाल्ल्यास दुसऱ्या जातीचा पट्टकृमी होतो. त्याची अंडी पोटात गेलेल्या मेंढीच्या मेंदूत गाठ होऊन ती एकाच बाजूस गोल गोल फिरू लागते. गाय व्याल्यावर पडलेला वार कुत्र्याने खाल्ल्यास जनावरांत गर्भपात घडविणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा प्रसार होऊ शकतो. कुत्रा आवारात असला की हे खाद्य त्याच्या तोंडी पडत नाही, आणि त्याची विष्ठा चाऱ्यात, खळ्यात व परसबागेत मिसळत नाही.

मात्र हा लाभ आवार रोज स्वच्छ होत असेल तरच मिळतो. गोलकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर लगेच रोगकारक नसतात; त्यांस दोन ते चार आठवडे लागतात. आकडीकृमीच्या अळ्या ओल्या व उबदार जमिनीत सुमारे आठवड्याभरात तयार होतात. याचा अर्थ असा की, रोज विष्ठा उचलल्यास या दोन्ही जंतांची साखळी तुटते. पट्टकृमीची अंडी मात्र बाहेर पडताच रोगकारक असतात. म्हणून कच्चे मांसावशेष न घालणे व वेळेवर जंतनाशक औषध देणे हाच त्यावर उपाय होय.

जागा व मांडणी

वर सांगितलेल्या वस्तीवर पुढील उन्हाळ्यात असे एक आवार बांधण्यात आले. त्याचीच मापे येथे देत आहोत. मध्यम आकाराच्या एका कुत्र्यास ८ फूट रुंद, १६ फूट लांब व ६ फूट उंच आवार पुरते. दोन कुत्री असल्यास रुंदी १२ फूट करावी.

कुत्र्यास वस्तीचे फाटक व गोठा दोन्ही दिसतील अशी जागा निवडावी. जे दिसत नाही त्याची राखण तो करू शकत नाही. जागा थोडी उंचवट्यावर असावी. विहिरीपासून व पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून किमान ५० फूट अंतर ठेवावे. लांबी पूर्व-पश्चिम धरावी व निवाऱ्याचा भाग पश्चिमेस ठेवावा. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून व नैऋत्येकडून येतो. पश्चिमेची बाजू भिंतीने किंवा पत्र्याने बंद केल्यास पावसाची झड व उन्हाळ्यातील दुपारनंतरचे ऊन ही दोन्ही अडतात. दार पूर्वेस ठेवावे.

पाया व कठडा

आवाराभोवती दीड फूट उंचीचा ९ इंची विटांचा कठडा बांधावा. त्याचा पाया दीड फूट खोल घ्यावा. काळ्या जमिनीत मात्र मुरूम लागेपर्यंत खोदणे जरूर आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर केलेले काम दोन वर्षांत तडकते. या पायामुळे आतील कुत्र्यास बाहेर उकरून जाता येत नाही, तसेच बाहेरचे कोल्हे वा भटकी कुत्री आत उकरून येऊ शकत नाहीत.

कठड्यास आतून सिमेंटचा गिलावा करून तो घोटून गुळगुळीत करावा. भिंत व जमीन मिळते तेथे काटकोन न ठेवता गोलाई द्यावी. यामागे कारण आहे. गोचीड रक्त पिऊन झाल्यावर कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंतीच्या फटीत शिरते व तेथे हजारो अंडी घालते. फट नसेल तर गोचिडीस आसरा नाही, आणि कोपरा नसेल तर घाण साचत नाही.

जमीन आणि उतार

आतील माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मस करावी व त्यावर ३ इंच जाडीचे १:२:४ प्रमाणाचे काँक्रीट टाकावे. ८ फूट × १६ फूट जमिनीसाठी सिमेंटची सुमारे ६ पोती, वाळू १५ घनफूट व खडी ३० घनफूट लागते. काँक्रीट ८ फुटांच्या दोन चौरसांत टाकावे व मधल्या सांध्यात डांबर भरावे, म्हणजे तडे जात नाहीत. पृष्ठभाग घोटून अगदी गुळगुळीत करू नये. काँक्रीट ओले असतानाच त्यावरून उताराच्या दिशेने झाडू ओढावा. त्यामुळे कुत्र्याचे पाय घसरत नाहीत व पाणीही अडत नाही. त्यानंतर किमान ७ ते १० दिवस पाणी मारावे. जेथे शहाबादी फरशी स्वस्त मिळते तेथे बिनघोटीव फरशी बसवून सांधे सिमेंटने पक्के भरले तरी चालते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उतार. दर फुटास पाव इंच, म्हणजे ८ फूट रुंदीत २ इंच उतार एका लांब बाजूकडे द्यावा. या बाबतीत प्रस्तुत लेखकाच्या हातून एक चूक घडली, ती येथे नमूद करणे योग्य होईल. उतार गवंड्यास तोंडी सांगावयाचा राहून गेला. गवंड्याने आपल्या कसबाप्रमाणे पाणसळ लावून जमीन अगदी समतल केली. पहिल्याच आठवड्यात मूत्र व धुण्याचे पाणी मध्यभागी साचू लागले, माश्या झाल्या, आणि जमिनीवर पुन्हा उताराचा थर द्यावा लागला. म्हणून काँक्रीट टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकून दोरी बांधावी व २ इंचांचा फरक स्वतः मोजून पाहावा. काम झाल्यावर एक बादली पाणी ओतावे. ते कोठेही न थांबता वाहून गेले तरच काम पुरे झाले असे समजावे.

उताराच्या बाजूस कठड्यात तळाशी दोन ठिकाणी मोऱ्या ठेवाव्यात व साप-उंदीर येऊ नयेत म्हणून त्यांस अर्ध्या इंचाची जाळी बसवावी. पाण्यासाठी कठड्याच्या बाहेर उघडी नाली करून ती ३ फूट लांब, रुंद व खोल अशा शोषखड्ड्यात सोडावी. खड्ड्यात दगड व विटांचे तुकडे भरावेत. नाली बाहेर असल्याने कुत्रा त्यातील पाणी पीत नाही.

जाळी, खांब आणि दार

खांबांसाठी ३५ मिलिमीटरचे लोखंडी अँगल वापरावेत. लांब बाजूस प्रत्येकी चार व आखूड बाजूस मध्ये एकेक, असे एकूण १० खांब लागतात. पूर्वेकडील मधला खांब कोपऱ्यापासून ३ फुटांवर घेतल्यास तोच दाराचा खांब होतो. प्रत्येक खांब ८ फूट लांब घेऊन २ फूट जमिनीत काँक्रीटमध्ये रोवावा व गंजविरोधी रंग द्यावा.

जाळी १० गेज तारेची व २ इंची भोकांची असावी. कोंबड्यांसाठी वापरतात ती बारीक तारेची जाळी येथे निरुपयोगी आहे. मोठा कुत्राही ती दातांनी फाडतो, मग बिबट्याची गोष्टच नको. जाळी खांबांच्या आतील बाजूने लावावी. कुत्रा आतून रेटा देतो तेव्हा अशी जाळी खांबावर दाबली जाते. बाहेरून लावलेली जाळी मात्र त्याच रेट्याने सुटत जाते. बांधणीच्या तारेवर विसंबू नये. लोखंडी पट्टी व बोल्ट यांनी जाळी घट्ट करावी. तारेची टोके आत येऊ देऊ नयेत.

वरचा भागही जाळीने बंद करणे बिबट्याच्या प्रदेशात अत्यावश्यक आहे, कारण ६ फुटांची उडी त्यास सहज साधते. मुधोळ किंवा कारवानी जातीचा चपळ कुत्रा पाळणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. जाळी वजनाने खाली येऊ नये म्हणून समोरासमोरील खांबांवर आडवे अँगल टाकावेत. पश्चिमेकडील ६ फूट भागावर पत्रे घालावेत; कोकणात व घाटमाथ्यावर पत्र्यांखालचा भाग १० फूट करावा. सिमेंटचा पत्रा वजनाने फुटतो, म्हणून पत्र्याखालूनही जाळी सलग न्यावी. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा थर दिल्यास उन्हाळ्यात आत बराच गारवा राहतो. बाजू, छत व दार मिळून सुमारे ३७० चौरस फूट जाळी लागते.

दार ३ फूट रुंद व आतील बाजूस उघडणारे असावे, म्हणजे कुत्र्याच्या धडकेने ते उघडत नाही. खालच्या दीड फुटास पत्रा लावावा. कडी वर एक व खाली एक अशी दोन ठिकाणी घालावी. एकाच कडीचे दार खालच्या कोपऱ्यात वाकते व तेथून कुत्रा निसटतो. दाराखाली एक इंचाहून अधिक फट ठेवू नये.

आतील निवारा

पत्र्याखाली जमिनीपासून ६ इंच उंच, ४ फूट × ३ फूट मापाची लाकडी बैठक ठेवावी. सिमेंटवर सतत बसल्याने थंडीत कुत्र्याचे सांधे धरतात व कोपरांना घट्टे पडतात. बैठक उचलता येण्याजोगी असावी, म्हणजे तिच्याखालची जागाही धुता येते. ती जाळीस लागून ठेवू नये. अंथरुणासाठी गोणपाट घालावा व दर आठवड्यास तो धुऊन कडक उन्हात वाळवावा. कुत्र्यास माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. म्हणून उन्हाळ्यात सावली व जड भांड्यात भरपूर पाणी कधीही कमी पडू देऊ नये. पाण्याचे भांडे उताराच्या वरच्या बाजूस ठेवावे.

सफाईचा क्रम

रोज सकाळी कुत्र्यास फिरावयास नेण्याच्या वेळीच सफाई करावी. प्रथम विष्ठा कोरडीच पत्र्याच्या सुपलीने उचलावी; ती आधी पाण्याने पसरविल्यास पाणीही वाया जाते व जंतांची अंडीही पसरतात. नंतर वरच्या बाजूकडून उताराकडे झाडू मारीत दोन बादल्या पाण्याने जमीन धुवावी. टंचाईच्या भागात कपडे धुतलेले पाणी यासाठी चालते, पण शेवटी थोडे स्वच्छ पाणी फिरवावे.

विष्ठा ३ फूट खोल वेगळ्या खड्ड्यात टाकून दर वेळी तिच्यावर मातीचा थर द्यावा. ती शेणखतात, भाजीच्या वाफ्यात किंवा चाऱ्याच्या शेतात कदापि टाकू नये.

आठवड्यातून एकदा निर्जंतुकीकरण करावे. एक लिटर पाण्यात सुमारे ६ ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळून ते पाणी धुतलेल्या जमिनीवर व कठड्यावर पसरावे, दहा मिनिटे राहू द्यावे व मग धुऊन टाकावे. पिल्लांना रक्ताची हगवण लावून मारणाऱ्या पार्व्हो रोगाचा विषाणू यामुळे नष्ट होतो. साध्या फिनेलने तो मरत नाही. ब्लीचिंग पावडर फिनेलमध्ये किंवा आम्लात मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघू शकतो. घाण तशीच ठेवून औषध टाकल्यास ते वाया जाते, आणि जंतांची अंडी या औषधाने मरत नाहीत. म्हणून आधी सफाई व मग औषध हा क्रम बदलू नये. जमीन वाळल्याशिवाय कुत्र्यास आत घेऊ नये.

शेतकरी बंधूंस येथे एक आग्रहाची सूचना आहे. गोचीड मारण्यासाठी पिकावर फवारावयाचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगास लावण्याची चाल काही ठिकाणी दिसते. कुत्रा अंग चाटतो व विषबाधेने मरतो. त्याला हात लावणाऱ्या मुलांनाही धोका पोहोचतो. गोचिडीवरील औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे.

लस, औषध आणि मोकळीक

आवार हे लसीची जागा घेऊ शकत नाही. पिलू तीन महिन्यांचे होताच त्यास रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी ती द्यावी. पट्टकृमीवरील औषध वर्षातून किमान चार वेळा द्यावे. कोणासही कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना, मिरची असे काही लावू नये, व त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत देशातून हद्दपार करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर झाला आहे. त्या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे. दरवर्षी गावातील पाळीव कुत्र्यांची यादी करून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने एकाच दिवशी लसीकरण करून घेणे हे त्यांना सहज शक्य आहे.

आवार म्हणजे तुरुंग नव्हे, हेही विसरता कामा नये. सकाळ-संध्याकाळ मिळून किमान तासभर कुत्र्यास माणसाबरोबर शेतावर हिंडवावे. बिबट्या नसलेल्या भागात रात्री वस्तीच्या कुंपणाच्या आत त्यास मोकळे सोडावे. बिबट्याच्या भागात मात्र दिवस मावळण्यापूर्वी त्यास आवारात घ्यावे. तो आतून भुंकला तरी वस्ती जागी होते, आणि राखणीचे काम तेवढ्याने साधते.

जुन्नर भागातील त्या वस्तीवर मागील हिवाळ्यात पुन्हा जाण्याचा योग आला. ओसरीच्या खांबाची साखळी काढलेली होती. आवारातील नवा कुत्रा परका माणूस पाहून भुंकला, आणि घरधन्याचा आवाज ऐकताच शेपूट हलवीत बैठकीवर जाऊन बसला. शेतकऱ्यांनी प्रथम जाळी दाखविली नाही; त्यांनी बादलीभर पाणी ओतून उतार दाखविला. पाणी कोठेही न थांबता नालीत गेले. "आता बरोबर आहे ना साहेब?" त्यांनी विचारले. काम बरोबर होते. ज्या घरी कुत्रा आहे त्या प्रत्येक घराने येत्या उन्हाळ्यात, पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी, एवढे काम मनावर घ्यावे, अशी विनंती आहे.